एकच शेपूट, तीन घराणी

मुलांनो, गेल्या खेपेला आपण स्पॅनिश क्रियापदांचा वर्तमानकाळ पाहिला. त्यानंतर तुमची जी पत्रं आली, ती वाचून हसूही आलं आणि थोडी काळजीही वाटली. 'आर'वाल्यांचा तक्ता वेगळा, 'एर'वाल्यांचा वेगळा, 'ईर'वाल्यांचा आणखी निराळा! एका मुलीनं तर सरळ लिहिलंय, "बाई, भविष्यकाळाचेही असेच तीन तक्ते असतील तर आत्ताच सांगते, मी हा नाद सोडणार." खाली तिच्या आईनं एक ओळ जोडली आहे, "वर्गाची फी भरून झाली आहे. काहीतरी करा."

तर मग करू या काहीतरी. आनंदाची बातमी आधी सांगून टाकते. भविष्यकाळाचा तक्ता एकच. तिन्ही घराण्यांना एकच! आणि त्या तक्त्याला कात्री लागत नाही, नुसता डिंक लागतो.

म्हणजे काय, ते बघा. शब्दकोशात मराठी क्रियापद 'णे' लावून येतं: बोलणे, खाणे, राहणे. स्पॅनिश क्रियापद शब्दकोशात 'आर', 'एर' किंवा 'ईर' लावून येतं: आब्लार म्हणजे बोलणे, कोमेर म्हणजे खाणे किंवा जेवणे, बिबीर म्हणजे जगणे किंवा राहणे. (ज्यांनी मागचा अंक वाचला नसेल त्यांच्यासाठी: स्पॅनिशमध्ये 'एच' हे अक्षर लिहितात पण उच्चारत नाहीत, आणि 'व्ही'चा उच्चार 'ब'सारखा करतात. म्हणून आपलं हवाना तिथं आबाना होतं. 'त' आणि 'द' मात्र अगदी आपल्यासारखे दातांना जीभ लावून. तिथं आपल्याला काहीच शिकावं लागत नाही.)

वर्तमानकाळात आपण काय केलं होतं? शेवटचं आर, एर, ईर कापून टाकलं आणि उरलेल्या तुकड्याला नवी शेपटी लावली. आब्लार कापून आब्लो, आब्लास, आब्ला. कोमेर कापून कोमो, कोमेस, कोमे. भविष्यकाळात काहीही कापायचं नाही. शब्दकोशातलं अख्खं क्रियापद उचलायचं आणि त्याला मागून शेपटी चिकटवायची. शेपट्या सहा आहेत: ए, आस, आ, एमोस, एइस, आन. झालं!

यो आब्लारे – मी बोलेन
तू आब्लारास – तू बोलशील
एल, एया आब्लारा – तो, ती बोलेल
नोसोत्रोस आब्लारेमोस – आम्ही बोलू
बोसोत्रोस आब्लारेइस – तुम्ही बोलाल
एयोस, एयास आब्लारान – ते, त्या बोलतील

आता आब्लारच्या जागी कोमेर ठेवा: कोमेरे, कोमेरास, कोमेरा, कोमेरेमोस, कोमेरेइस, कोमेरान. बिबीर ठेवा: बिबिरे, बिबिरास, बिबिरा... पुढचं तुम्हीच म्हणा. मी थांबते.

दुसऱ्या ओळीतला 'तू' पाहिलात ना? तो छापखान्याचा घोटाळा नव्हे बरं! स्पॅनिशमध्ये 'तू'ला 'तू'च म्हणतात. आपला तू आणि त्यांचा तू फार जुने नातेवाईक आहेत, कारण मराठी आणि स्पॅनिश या दोन्ही भाषा एकाच मोठ्या कुळातल्या आहेत. आणि मोठ्या माणसांना? त्यांच्यासाठी 'उस्तेद' असा शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ 'आपली कृपा' असा काहीसा. गंमत म्हणजे उस्तेदला तिसऱ्या ओळीतलं रूप लागतं: उस्तेद आब्लारा. जुन्या नाटकात नोकर मालकाला समोरासमोर "सरकार चहा घेतील का?" असं विचारतो ना, तसलाच प्रकार. अनेकवचनी 'उस्तेदेस'ला शेवटच्या ओळीतलं रूप. आणखी एक सोय अशी की 'बोसोत्रोस' स्पेनमध्ये चालतं, पण लॅटिन अमेरिकेतल्या देशांत 'तुम्ही सगळे' म्हणायला उस्तेदेसच वापरतात. तुमची शिक्षिका तिकडची स्पॅनिश शिकवत असेल तर पाचवी ओळ नुसती ओळखता आली तरी पुरे.

आता एक गोष्ट जरा हट्टानं सांगणार आहे. वर्गात जाणारी बरीचशी मुलं स्पॅनिश शिकतात ती इंग्रजी पुस्तकातून. त्या पुस्तकात डावीकडे 'आय विल स्पीक, यू विल स्पीक, ही विल स्पीक' असं लिहिलेलं असतं. सगळीकडे तेच 'विल स्पीक'! मग उजवीकडे सहा वेगवेगळी रूपं दिसली की पोटात गोळा येतो. अरे, पण तुम्ही इंग्रजीच्या दारातून आत शिरताच कशाला? मराठीच्या दारातून या की! बोलेन, बोलशील, बोलेल, बोलू, बोलाल, बोलतील. ही सहा रूपं तुम्ही बालवाडीत जायच्या आधीपासून बिनचूक बोलता आहात. "मी बोलशील" असं तुमच्यातला कुणी म्हणत नाही. धाकटी भावंडं कधी म्हणत असतील, पण तीही लवकरच सुधारतात. सहा खण आधीच तयार आहेत. त्यात नवी भांडी मांडायची, इतकंच.

आणि मराठी इथं हिंदीपेक्षाही जवळची पडते. हिंदीत तो 'बोलेगा' आणि ती 'बोलेगी'. मराठीच्या वर्तमानकाळातसुद्धा तो बोलतो, ती बोलते. पण भविष्यकाळात? तो बोलेल, ती बोलेल. मुलगा-मुलगी भेद नाही. स्पॅनिशमध्येही तेच: एल आब्लारा, एया आब्लारा. शिवाय दोन्ही भाषांत कर्ता गाळला तरी अडत नाही. "बोलेन उद्या" म्हटलं की कोण बोलणार ते कळतं. तसंच "आब्लारे मान्याना" म्हटलं तरी कळतं. मान्याना म्हणजे उद्या. इंग्रजीत नुसतं 'विल स्पीक टुमारो' म्हणा, ऐकणारा विचारील, "हू?"

उलट मराठीचा भविष्यकाळच थोडा खोडकर आहे. आम्ही शाळेत शिकवतो मी बसेन पण मी करीन, तो बसेल पण तो करील. आणि मधल्या सुट्टीत मुलं खुशाल 'करेन', 'करेल' म्हणत धावत असतात! स्पॅनिश शेपट्यांना असल्या खोड्या नाहीत.

आता या सहा शेपट्या आल्या कुठून, ते बघू. पाठ करण्याआधी हे कळलं, तर पाठांतर निम्म्यावर येतं असा माझा अनुभव आहे.

स्पॅनिशमध्ये 'आबेर' नावाचं एक जुनं क्रियापद आहे. ते आलं लॅटिनमधून, आणि लॅटिनमध्ये त्याचा अर्थ होता जवळ असणे, बाळगणे. त्याचा वर्तमानकाळ असा चालतो: ए, आस, आ, एमोस, आबेइस, आन.

थांबा. पुन्हा एकदा वाचा. आता वरच्या शेपट्या वाचा. ए, आस, आ, एमोस, एइस, आन. तेच की! फक्त पाचव्या रूपाचं 'आब' गळून पडलं आहे. रोमन लिपीत हे इतकं चटकन दिसत नाही, कारण आबेरच्या प्रत्येक रूपाआधी तो न उच्चारायचा एच उभा असतो आणि शेपटीत तो नसतो. देवनागरीत एच लिहिलाच नाही, त्यामुळे चोर लगेच सापडला. आपल्या लिपीनं केलेली ही मदत मला फार आवडते.

म्हणजे 'आब्लारे' हा मुळात एक शब्द नव्हेच. तो आहे 'आब्लार ए'. शब्दशः अर्थ: बोलणं माझ्याकडे आहे. मराठीत नीट सांगायचं तर, मला बोलायचं आहे. आज जे बोलायचं बाकी आहे ते उद्या बोललं जाणार. अशा रीतीनं 'बोलायचं आहे'चं हळूहळू 'बोलेन' झालं. तुम्हीसुद्धा "उद्या मला गावाला जायचंय" असं म्हणता ना? भविष्यकाळ न वापरता भविष्याचीच गोष्ट करता. तोच धागा.

कुणी विचारील, लॅटिनला स्वतःचा भविष्यकाळ नव्हता का? होता. 'आमाबित' म्हणजे तो प्रेम करील. पण 'आमावित' म्हणजे त्यानं प्रेम केलं. काळाच्या ओघात लोकांच्या तोंडात स्वरांमधले ब आणि व एकमेकांत मिसळू लागले. मग 'करील' आणि 'केलं' यांतला फरक कानाला कळेना. विचार करा, उधारी फेडणारा म्हणतो "देईन" आणि ऐकणाऱ्याला ऐकू येतं "दिले"! जुना भविष्यकाळ मागे पडायला इतरही कारणं होती, पण हे त्यातलं एक. लोकांनी मग 'मला करायचं आहे' ही खणखणीत, गोंधळ न करणारी बोली उचलली. फ्रेंच आणि इटालियन या बहिणींनीही जवळपास हेच केलं.

हा जोड काही अलीकडच्या पंडितांनीच हेरला असं नाही. १४९२ साली, म्हणजे कोलंबस ज्या वर्षी जहाजं घेऊन निघाला त्याच वर्षी, स्पेनमधल्या सालामांका शहरात आन्तोनियो दे नेब्रिखा या विद्वानानं स्पॅनिश भाषेचं पहिलं छापील व्याकरण प्रसिद्ध केलं. क्रियापदाला आबेरची रूपं जोडून भविष्यकाळ होतो, हे त्यानं तेव्हाच नोंदवून ठेवलं आहे. त्याला ते दिसलं यात नवल नाही, कारण जुन्या स्पॅनिशमध्ये हे दोन तुकडे अजून पक्के चिकटले नव्हते. मधे पाचर घालता येई! 'दार' म्हणजे देणे आणि 'ते' म्हणजे तुला. जुना माणूस लिहायचा 'दार ते ए': देणं, तुला, माझ्याकडे आहे. आज म्हणतात 'ते दारे', तुला देईन. डिंक सुकला, पाचर बाहेर पडली.

पोर्तुगीज भाषेत मात्र ती पाचर अजून शिल्लक आहे. पोर्तुगालमधल्या औपचारिक लिखाणात आजही 'दार-ते-एइ' असं सापडतं. आपल्या गोव्यात १९६१पर्यंत पोर्तुगीज राजवट होती. तुमच्या ओळखीत त्या काळी तिथल्या शाळेत पोर्तुगीज शिकलेले आजी-आजोबा असतील, तर त्यांना 'बोलणे'चा भविष्यकाळ विचारा. ते 'फालारेइ, फालारास, फालारा' म्हणू लागतील आणि तुम्हाला तुमच्याच शेपट्या ऐकू येतील.

उच्चाराचं एक पथ्य आहे. नोसोत्रोसचं रूप सोडलं तर उरलेल्या पाचही रूपांत जोर शेवटच्या अक्षरावर द्यायचा. स्पॅनिशचा सर्वसाधारण नियम असा की शब्दाच्या शेवटी स्वर, न् किंवा स् असेल तर जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर. आपली पाच रूपं तो नियम मोडतात, म्हणून लिहिताना त्या शेवटच्या स्वराच्या डोक्यावर एक तिरकी रेघ द्यावी लागते. तिला 'तिल्दे' म्हणतात. आब्लारेमोसमध्ये जोर 'रे'वर, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षरावरच. नियम पाळला, रेघ नको. ही रेघ शोभेची नाही, हं! 'आब्लारा' हा शब्द शेवटी जोर देऊन म्हटला तर 'तो बोलेल'. तोच मधल्या 'ब्ला'वर जोर देऊन म्हटला तर 'तो जर बोलला तर...' अशा जर-तरच्या वाक्यातलं रूप होतं. एकात खात्री, दुसऱ्यात नुसताच जर-तर, आणि मधे एवढीशी रेघ. इथं मात्र देवनागरी आपल्याला दगा देते, दोन्ही शब्द सारखेच दिसतात. म्हणून वहीत रोमन लिपीतही लिहा आणि रेघ लाल पेन्सिलीनं द्या.

नियम आला की अपवाद आलेच. पण इथले अपवाद मोजून बारा क्रियापदं आणि त्यांच्यापासून बनलेली काही. त्यांच्याही शेपट्या त्याच, फक्त धड जरा आक्रसतं. 'पोदेर' म्हणजे शकणे. 'पोदेरे' भराभर म्हणता म्हणता झालं 'पोद्रे'. 'साबेर' म्हणजे माहीत असणे, त्याचं 'साब्रे'. 'बेनीर' म्हणजे येणे. 'बेनिरे'चं झालं 'बेन्रे', आणि न्-र् एकदम म्हणताना मधेच एक द घुसला: बेन्द्रे! ज्यांच्या वर्गात कुणी बेंद्रे आडनावाचा मुलगा आहे, त्यांना हे रूप जन्मात विसरायचं नाही. बेन्द्रे म्हणजे 'मी येईन'. हा द काही परका नाही. आपल्या 'वानर'मधला अ गळाला आणि तिथंही द घुसला, तेव्हा 'वांदर' झालं, हिंदीत 'बंदर'. स्पेनमधली जीभ आणि आपली जीभ एकाच कारणानं घसरते. 'तेनेर'चं (जवळ असणे) 'तेन्द्रे'ही असंच. 'आसेर' म्हणजे करणे, त्याचं तर फक्त 'आरे' उरलं. मुंबईकरांना आरे म्हटलं की दूध आठवेल, स्पॅनिश माणसाला 'मी करीन' असं ऐकू येईल. बाकीची पुढे वाचनात भेटतील तशी शिकू, आज यादी नको.

गंमत अशी, की जी दोन क्रियापदं वर्तमानकाळात सगळ्यांना छळतात ती इथं अगदी शहाण्यासारखी वागतात. 'सेर' म्हणजे असणे. वर्तमानात सोय, एरेस, एस अशी तीन तोंडं तीन दिशांना. भविष्यात सरळ सेरे, सेरास, सेरा. 'ईर' म्हणजे जाणे. वर्तमानात बोय, बास, बा. भविष्यात इरे, इरास, इरा.

हा भविष्यकाळ वापरायचा कधी? उद्याच्या साध्यासुध्या बेतासाठी स्पॅनिश लोक बोलताना बऱ्याचदा 'बोय आ कोमेर' असं म्हणतात. शब्दशः 'मी खायला जातो', अर्थ 'मी आता खाणार आहे'. आपलं शेपटीवालं रूप मात्र वचन द्यायला, अंदाज सांगायला आणि लिहिताना हमखास येतं. आज्ञेलाही चालतं. स्पॅनिश बायबलमधल्या दहा आज्ञा बहुतेक याच काळात आहेत. त्यात विचित्र काहीच नाही. आई म्हणते ना, "आधी गृहपाठ संपवशील, आणि मगच खेळायला जाशील"? रूप भविष्यकाळाचं, पण ती काही तुमचं भविष्य सांगत नसते!

सगळ्यात जवळचा वाटतो तो अंदाज. दारावरची घंटा वाजली की आपण म्हणतो, "कोण असेल?" माणूस दाराबाहेर आत्ता उभा आहे, तरी आपण 'असेल' म्हणतो, कारण आपल्याला खात्री नाही. स्पॅनिश घरातही घंटा वाजली की म्हणतात, "क्येन सेरा?" कोण असेल! घड्याळ जवळ नसेल तर "सेरान लास सिंको", पाच वाजले असतील. शब्दाला शब्द, खणाला खण. इंग्रजी पुस्तकाला हे समजावून सांगायला चांगला अर्धा परिच्छेद लागतो. मराठी मुलाला एक वाक्य पुरतं.

पालकांना एक विनंती. मुलाला समोर उभं करून "म्हण, आब्लारे, आब्लारास" असं घोकून घेऊ नका. रात्री जेवताना प्रत्येकानं उद्याचं एक काम सांगायचं, आधी मराठीत, मग मुलानं त्याचं क्रियापद स्पॅनिशमध्ये. "मी बोलेन", आब्लारे. "आजी वाचेल", लेएरा. आठवडाभरात सहाही रूपं ताटाभोवती फिरून येतात. चुकलं तर लगेच टोकू नका, पुढच्या घासाला त्याचं त्यालाच आठवतं. आणि वर्गाचं पुस्तक इंग्रजी असेल तर मुलाला समासात मराठी रूप लिहू द्या. वहीत मराठी आली म्हणून कुणी रागावलं, तर हा अंक दाखवा.

आता या आठवड्याचा उद्योग. वही काढा.

१) कान्तार (गाणे), लेएर (वाचणे), एस्क्रिबीर (लिहिणे) या तिघांची सहा-सहा रूपं लिहा. तिल्दे विसरू नका.

२) कोण करणार ते ओळखा: कान्तारेमोस, लेएरास, एस्क्रिबिरान, कोमेरा. शेवटच्याला एकाहून जास्त उत्तरं आहेत, सगळी लिहा.

३) 'एस्तार' म्हणजे एखाद्या ठिकाणी असणे, आणि 'एन ला ओफिसीना' म्हणजे ऑफिसात. बाबांना स्पॅनिशमध्येही 'पापा'च म्हणतात, जोर शेवटच्या 'पा'वर. आता "बाबा आत्ता ऑफिसात असतील" हे वाक्य स्पॅनिशमध्ये करा. जरा सावध! मराठीत आपण बाबांना मान देऊन 'असतील' म्हणतो, पण बाबा किती आहेत? एकच ना?

उत्तरं पुढच्या अंकात. बारा अपवादांपैकी आज मी पाच सांगितले. उरलेले सात जो आधी शोधून पाठवील, त्याचं पत्र पहिलं छापू.